कनू घ्यायची तर आधी खांद्याला विचारा

मिनियापोलिसहून उत्तरेकडे चारेक तास गाडी हाकली की ईली नावाचे गाव लागते. वस्ती साडेतीन हजारांच्या आत. पण बर्फ वितळून तळी मोकळी झाली की इथल्या भाड्याने कनू देणाऱ्या दुकानांच्या मागे लाकडी मांडण्यांवर उपड्या घातलेल्या कनूंच्या रांगाच रांगा दिसतात. बहुतेक मधाच्या रंगाच्या, इतक्या पातळ की उन्हात आतून पाहिले तर अंगातून उजेड झिरपतो. या केव्हलारच्या, म्हणजे एका मजबूत कृत्रिम धाग्याच्या कापडाच्या कनू. मिनेसोटातच विनोना गावी तयार होणाऱ्या ‘मिनेसोटा टू’ या साडेअठरा फुटी कनूचे हलक्या बांधणीतले वजन जेमतेम १९ किलो भरते.

त्याच मिनियापोलिसच्या उपनगरातल्या खेळसाहित्याच्या मोठ्या दुकानात वेगळेच चित्र असते. तिथे दाराशी उभी असते ती पॉलिइथिलीन प्लास्टिकची हिरवी किंवा लाल कनू. तीन बैठका, रुंद सपाट तळ, किंमत केव्हलारच्या एकतृतीयांशाच्या आसपास आणि वजन ४० किलोच्या घरात. शिकार, कॅम्पिंग आणि शांत पाण्यातली सहल, तिन्हींसाठी हीच एक घ्या, असे तिच्याबद्दल सांगितले जाते. मिनेसोटा, मिशिगन, ओंटारिओ या भागांत स्थिरावलेली मराठी कुटुंबे उन्हाळ्यात तंबू घेऊन तळ्याकाठी जातात आणि दोन-तीन उन्हाळे भाड्याच्या कनूत काढल्यावर स्वतःची घ्यावी म्हणून या दुकानात येतात. त्यांच्यासमोर येते ती हीच.

दोन्ही दुकानदार आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. फरक असा, की ईलीच्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक आठवड्याने परत येते आणि कनू कशी वागली ते तोंडावर सांगते. वर्षानुवर्षे हे ऐकून त्याने जी कनू मांडणीवर ठेवली आहे, तिच्यात मोठे शहाणपण साठलेले आहे. पहिली कनू घेणाऱ्याने ते वाचायला शिकावे. आधी वजन, मग सामान भरल्यावर ती पाण्यात किती बसते, त्यानंतर रुंदी आणि स्थिरता. बैठका आणि रंग अगदी शेवटी. दुकानात हा क्रम नेमका उलटा लागतो, आणि तिथेच पैसे वाया जातात.

ईलीच्या पलीकडे पसरलेला बाउंडरी वॉटर्स हा राखीव प्रदेश सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचा आहे. हजाराहून अधिक तळी, दोन तळ्यांमध्ये जंगलातून जाणाऱ्या पायवाटा, आणि नियम कडक: एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसे आणि चार कनू, काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे बंद. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचे तर कनू आणि सगळे सामान खांद्यावर घेऊन त्या पायवाटेने चालायचे. याला तिथे पोर्टेज म्हणतात, आणि त्याचे अंतर नकाशावर आजही रॉडमध्ये लिहितात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळपास एका कनूची लांबी. शंभर रॉडची वाट म्हणजे अर्धा किलोमीटर. पण एका खेपेत कनू आणि दुसऱ्या खेपेत सामान न्यायचे तर तीच वाट तीनदा तुडवावी लागते, म्हणजे दीड किलोमीटर. दिवसात अशा चार-पाच वाटा आल्या, की वजनाचा प्रश्न कागदावरून उतरून मानेवर बसतो.

कनू उचलण्याची रीत जवळून पाहण्यासारखी असते. माणूस गुडघाभर पाण्यात किंवा काठावर कनूच्या मध्यावर उभा राहतो, जवळचा काठ धरून ती आडवी करतो आणि तळाची बाजू आपल्या मांडीवर टेकवतो. मग एक हात पलीकडच्या काठापर्यंत लांबवायचा, गुडघ्याने हलका झोका द्यायचा आणि त्याच झोक्यात कनू डोक्यावरून फिरवून मधले जू दोन्ही खांद्यांवर बसवायचे. हे जू म्हणजे मधला आडवा दांडा, मानेसाठी खाच कोरलेला, खांद्याच्या जागी गाद्या लावलेला. पुढचे टोक जरा वर ठेवले की पायवाट दिसते. १९ किलोची कनू पन्नाशीतली बाईही अशी एकटीने घेऊन चालू लागते. ४० किलोच्या कनूला दोन माणसे लागतात; दोघांच्या उंचीत फरक असला, की दगडधोंड्यांच्या आणि मुळांच्या वाटेवर प्रत्येक पावलाला एकाच्या खांद्याला हिसका बसतो.

आपण कधी पोर्टेज करणारच नाही, असे म्हणणाऱ्यालाही हा प्रश्न टळत नाही. गॅरेजमधून गाडीच्या टपावर, टपावरून पाण्यात, आणि दमून आल्यावर पुन्हा टपावर, एवढे तरी करावेच लागते. जड कनूचे खरे नुकसान पाण्यात होत नाही. शनिवारी सकाळी तिला उचलायला दुसरा गडी मिळाला नाही म्हणून ती गॅरेजच्या भिंतीशी पडून राहते, तिथे होते.

वजनाचा हा ध्यास नवा नाही. १८८३ च्या उन्हाळ्यात जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स नावाचा साठी ओलांडलेला, क्षयाने पोखरलेला, पन्नास किलोही न भरणारा माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांतल्या तळ्यांमधून सव्वाचारशे किलोमीटर फिरला. ‘नेसमुक’ या टोपणनावाने तो एका शिकार-मासेमारीच्या साप्ताहिकात लिहीत असे. त्या काळी तिथे येणारे श्रीमंत लोक गाईड ठेवत आणि गाईड त्यांच्या होड्या वाहत. सीअर्सला ते परवडणारे नव्हते. त्याने कँटन गावच्या जे. हेन्री रश्टन या कारागिराकडे हट्ट धरला आणि रश्टनने त्याच्यासाठी देवदाराच्या पातळ फळ्यांची नऊ फुटी कनू घडवली. तिचे नाव ‘सेअरी गॅम्प’, वजन साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोलाही कमी. वर्षभराने त्याने लिहिलेले ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक आजही छापले जाते. आपली ताकद आधी मोजून मग होडी मागणारा हा माणूस आजच्या ग्राहकाने डोळ्यासमोर ठेवावा.

दुसरे उदाहरण १९४४ चे. ग्रुमन या लढाऊ विमानांच्या कारखान्यातले अधिकारी विल्यम हॉफमन याच ॲडिरॉन्डॅकमध्ये मासेमारीला गेले होते. लाकूड आणि कॅनव्हासची, पाणी पिऊन आणखी जड झालेली कनू पायवाटेने वाहताना त्यांना वाटले, विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा यासाठी का वापरू नये? युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, ग्रुमनने विमानांच्याच तंत्राने पत्रा ताणून आणि रिव्हेट ठोकून कनू बनवायला सुरुवात केली. पुढची तीन दशके अमेरिकेतली उन्हाळी शिबिरे, स्काउट आणि भाड्याची दुकाने यांवर तिचेच राज्य होते. सतरा फुटी ग्रुमन ७५ पौंडांची, म्हणजे ३४ किलोची. आज ती जड वाटते. तिच्या काळात ती सुटका होती.

आता स्थिरतेकडे येऊ, कारण दुकानात सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

धक्क्याला बांधलेल्या रिकाम्या कनूत पाय टाकला की अंगाला कळते ती फक्त पहिली स्थिरता. सपाट तळाची रुंद कनू पाण्यावर सोडलेल्या परातीसारखी निश्चल वाटते. उथळ कमानीच्या तळाची कनू किंचित डुलते, आणि नवखा माणूस लगेच दोन्ही काठ घट्ट धरतो. निर्णय त्याच क्षणी होऊन जातो. पण सपाट तळ नेहमी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर राहू पाहतो. पाणी सपाट असेतोवर हे सुखाचे. बाजूने लाट आली की पृष्ठभागच तिरपा होतो आणि कनूही त्याच्यासोबत तिरपी होते. ठरावीक मर्यादेपलीकडे कलली, की फारसा इशारा न देता पालथी पडते. कमानीचा तळ सुरुवातीला डुलतो खरा, पण कनू कलत जाईल तसा तिच्या अंगाचा फुगीर भाग पाण्यात उतरतो आणि तिला सावरतो. लाट तिच्या पोटाखालून निघून जाते. शिवाय तंबू, भांडी, शिधा असे साठ किलो तळाशी ठेवले की ते सुरुवातीचे डुलणेही बरेचसे थांबते. म्हणून कनूची परीक्षा रिकाम्या अंगाने करू नये. ओळखीचा दुकानदार असेल तर पाण्याने भरलेले कॅन मागून तळाशी ठेवावेत आणि मग वल्हवून पाहावे. आणि तरीही भीती वाटली, तर बैठकीवरून उतरून तळाशी गुडघे टेकावेत. गुरुत्वमध्य वीतभर खाली गेला की तीच कनू वेगळी वाटते.

भाराच्या आकड्याबद्दल अधिक सावध राहिले पाहिजे. अमेरिकेत वीस फुटांपेक्षा लहान मोटारबोटीवर किती माणसे आणि किती वजन चालेल याची पाटी कारखान्याने लावावी असा संघराज्याचा नियम आहे. त्या नियमातून शिडाच्या बोटी, कयाक आणि कनू वगळलेल्या आहेत. म्हणजे कनूच्या माहितीपत्रकातला भाराचा आकडा हा कारखान्याचा स्वतःचा आकडा असतो. तो कसा काढला, किती काठ पाण्याच्या वर धरून काढला, हे सांगायचे बंधन त्याच्यावर नाही.

हिशोब घरीही करता येतो. सतरा फुटी कनूचा पाण्याच्या पातळीवरचा पसारा ढोबळमानाने तीन चौरस मीटरचा असतो, म्हणजे दर ३० किलोमागे ती एकेक सेंटिमीटर खाली बसते. आई-वडील, दहा वर्षांचे मूल आणि चार दिवसांचे सामान मिळून २४० किलो धरले, तर कनू रिकामी असताना होती त्याहून आठ सेंटिमीटर खोल जाईल. मध्यावर ३४ सेंटिमीटर उंच असलेल्या कनूला हे आरामात पेलते. पण माहितीपत्रकातला ५०० किलोचा आकडा खरा मानून ती भरली, तर रिकामी असतानाची खोली धरून पाण्याच्या वर उरणारा काठ १५ सेंटिमीटरच्या आसपास येतो, वीतभरसुद्धा नाही. दुपारचा वारा मोठ्या तळ्यावर फूटभर उंचीच्या लाटा सहज उठवतो. तेव्हा छापील आकड्याच्या निम्म्याच्या वर जाऊ नये, हा निदान कुटुंबासाठी तरी नियम असावा. काही कारखाने काठ १५ सेंटिमीटर शिल्लक राहील तेवढाच भार छापतात. सगळ्यांनी एकाच पद्धतीने तो छापावा अशी सक्ती कायद्याने व्हायला हवी. मोटारबोट घेणाऱ्याला मिळणारे संरक्षण कनू घेणाऱ्याला नाकारण्याचे सबळ कारण दिसत नाही, कारण पाणी दोघांनाही सारखेच बुडवते.

शिकारीची कनू हा वेगळा विषय आहे. ज्या वाचकाच्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्याला तो खटकू शकतो. उत्तर अमेरिकेत मात्र परवाना, ठरावीक हंगाम आणि दिवसाला ठरावीक पक्षी अशा चौकटीत शिकार चालते. अमेरिकेत बदकांची शिकार करणाऱ्या सोळा वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला १९३४ पासून संघराज्याचे ‘डक स्टँप’ घ्यावे लागते, आणि त्या पैशातल्या डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागा विकत घेऊन राखण्यावर जातात. बदकांना उतरायला जागा उरली आहे ती बरीचशी या तिकिटामुळे, हे मान्य करायलाच हवे.

मिनेसोटात बदके उतरतात ती बरीचशी जंगली भाताच्या उथळ तळ्यांत. हा भात ओजिब्वे या इथल्या मूलनिवासी लोकांचा पवित्र शिधा. ऑगस्टच्या अखेरीपासून एक जण लांब काठीने कनू रेटतो, दुसरा दोन हलक्या दांड्यांनी लोंब्या कनूवर वाकवून दाणे झोडतो. उरलेले दाणे पाण्यात पडून पुढच्या वर्षी रुजतात. राज्याचा नियम इतका बारीक आहे की भात झोडण्याची कनू १८ फुटांपेक्षा लांब आणि ३६ इंचांपेक्षा रुंद चालत नाही, दांडा ३० इंचांहून लांब चालत नाही. मोटारीला अर्थातच मज्जाव.

त्याच तळ्यांच्या लव्हाळ्यांत ऑक्टोबरमध्ये शिकारी बसतो तेव्हा त्याच्या गरजा कॅम्पिंगवाल्याच्या नेमक्या उलट असतात. त्याला लांब अंतर कापायचे नसते. त्याच्याबरोबर तीस किलोचा लॅब्राडोर कुत्रा असतो, आणि पक्षी पडला की तो बाजूने झेप घेतो. बंदुकीचा धक्का खांद्याला बसतो तो आडवा, आणि कनू आडव्या धक्क्यालाच सगळ्यात कच्ची असते. चिखलातून ओढायची, बर्फाच्या पातळ पापुद्र्यावर घासायची, गवताच्या रंगात लपवायची. या कामाला चौदा-पंधरा फुटी, रुंद, सपाट तळाची, मळकट हिरवी पॉलिइथिलीनची कनू अगदी योग्य. इथे तिचे वजन आड येत नाही, कारण गाडी पाण्यापासून पन्नास पावलांवर उभी असते. म्हणजे उपनगरातल्या दुकानातली कनू वाईट नाही. ती बदकांच्या शिकाऱ्याची कनू आहे, आणि ती चार जणांच्या कुटुंबाला विकली जाते.

मूस या अजस्र हरणाची शिकार करणाऱ्याला हीसुद्धा पुरत नाही. मोठ्या नराचे चार भाग करून नुसते मांस आणि हाडे घेतली तरी वजन दोनशे किलोंच्या पुढे जाते. त्यावर दोन माणसे आणि त्यांचा तळ. मेन राज्यातले गाईड यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वीस फुटी कनू वापरत आले. तिथल्या ग्रँड लेक स्ट्रीम गावात आजही देवदाराच्या, मागचे टोक चौकोनी कापलेल्या, छोटी मोटार बसवायच्या कनू हाताने बांधतात. मात्र मोटारीच्या मोहाने चौकोनी टोकाची कनू घेणाऱ्याने हे जाणून असावे, की वल्हवताना ते टोक मागे पाणी ओढत राहते. पक्ष्यांच्या शिकाऱ्यासाठी आणखी एक अट: मोटार पूर्ण बंद होऊन कनू थांबल्याशिवाय गोळी झाडणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे.

शिकारीच्या हंगामात खरा धोका बंदुकीपेक्षा पाण्याचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पाणी माणसाला कसे मारते याचा अभ्यास मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी आयुष्यभर केला, स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून केला. त्यांनी तो ‘एक-दहा-एक’ अशा सूत्रात बसवला: बर्फगार पाण्यात पडल्यावर पहिल्या एका मिनिटात श्वास ताब्यात आणायचा, पुढची दहा मिनिटे हातपाय उपयोगाचे राहतात, आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. पहिल्याच मिनिटात धाप लागून तोंडात पाणी गेले की पुढचे आकडे निरर्थक होतात, आणि त्या मिनिटात तोंड पाण्याच्या वर ठेवते ते अंगात घातलेले लाइफ जॅकेट. कनूच्या तळाशी ठेवलेले जॅकेट पालथ्या कनूपासून वाहून जाते. जाड कोटावर ते मावत नाही ही सबब शिकाऱ्यांच्या तोंडी नेहमी असते. मोठ्या मापाचे जॅकेट घ्यावे, यापलीकडे त्यावर बोलण्यासारखे काही नाही.

तिन्ही कामांना एकच कनू हवी, हा आग्रह ग्राहकाचा आणि तो पुरवतो म्हणणे विक्रेत्याचे. ज्यांनी कनू शोधली त्यांनी असा आग्रह कधी धरला नाही. भूर्जाची साल, देवदाराच्या फासळ्या, स्प्रूसच्या मुळांची शिवण आणि त्याच झाडाचा डिंक लावून बुजवलेले सांधे, एवढ्यावर ओजिब्वे, अल्गोन्क्विन, पेनॉब्स्कॉट अशा कितीतरी लोकांनी वेगवेगळ्या घाटाच्या कनू घडवल्या. मोठ्या तळ्याची वेगळी, उथळ नदीची वेगळी, एकट्या शिकाऱ्याची आणखी वेगळी. एडविन टॅपन ॲडनी याने आयुष्य खर्चून या घाटांच्या शंभरावर प्रतिकृती केल्या. व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या संग्रहालयात त्या आहेत. पुढे युरोपियन व्यापाऱ्यांनी हाच घाट ताणून मॉन्ट्रियलहून सुटणाऱ्या छत्तीस फुटी कनू बांधल्या. त्यांत टनावारी माल भरून सुपीरियर सरोवरापर्यंत नेत आणि तिथून पुढच्या लहान नद्यांसाठी पंचवीस फुटींत उतरवून घेत. व्यापाऱ्यांनाही एकीत भागले नाही.

तरीही एकच परवडत असेल, आणि शिकार हे मुख्य काम नसेल, तर सोळा ते सतरा फूट लांबी, मध्यावर तेहतीस ते छत्तीस इंच रुंदी, उथळ कमानीचा तळ, टोकांकडे अगदी थोडा वर वळलेला, आणि खिशाला झेपेल तितकी हलकी, हे माप धरावे. नावावर मात्र जाऊ नये. कॅनडात ‘प्रॉस्पेक्टर’ नाव लावलेली कनू प्रत्येक दुकानात सापडते. मूळ प्रॉस्पेक्टर न्यू ब्रन्सविकमधल्या चेस्टनट कंपनीची. चित्रपटकार बिल मेसन यांनी आपल्या माहितीपटांतून तिला घराघरांत नेले. मूळ कारखाना सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बंद पडला आणि नाव सगळ्यांनी उचलले. त्यामुळे एका दुकानातली प्रॉस्पेक्टर दुसऱ्या दुकानातलीशी जुळतेच असे नाही. शिवाय मूळ घाट उंच काठांचा आणि टोकांकडे वळलेल्या तळाचा, भार घेऊन नद्यांमधून जाण्यासाठी केलेला. हलक्या सामानाने मोकळ्या तळ्यावर नेला की उंच काठ वारा धरतात आणि कनू सरळ जायला कुरकुरते.

साहित्याचे बोलायचे तर एकेकाळी उत्तर सोपे होते. रॉयलेक्स हा प्लास्टिकचा थरांचा पत्रा दगडावर आपटला तरी पुन्हा आकार घेई आणि पॉलिइथिलीनहून बराच हलका असे. तो बनवणारी कंपनी पॉलीवन या उद्योगाने २०१३ मध्ये घेतली आणि उत्पादनच थांबवले. क्युबेकच्या एस्किफ या कनूच्याच कारखान्याने हिमतीने टी-फॉर्मेक्स नावाचा पर्यायी पत्रा तयार केला, म्हणून तशा कनू टिकल्या. आज नवीन घेणाऱ्यापुढे स्वस्त आणि जड पॉलिइथिलीन, मधले टी-फॉर्मेक्स, महाग आणि हलके केव्हलार असे तीन रस्ते आहेत. चौथा रस्ता जुन्या बाजाराचा, आणि बहुतेकांनी तोच धरावा. भाड्याची दुकाने हंगाम संपला की वापरलेल्या केव्हलारच्या कनू दरवर्षी विकायला काढतात. तळावर ओरखडे असतात, ते चालतात. आतल्या बाजूने पांढुरकी रेघ किंवा भेग दिसली तर कापड तुटलेले असू शकते, ती सोडावी. जुन्या रॉयलेक्सची दोन्ही टोके बघावीत, तिथला वरचा थर झिजून आतला फोम दिसत असेल तर किंमत पाडून घ्यावी. ॲल्युमिनियमच्या कनूत बादलीभर पाणी ओतून रिव्हेट गळतात का पाहावे. मिनेसोटात दहा फुटांपेक्षा लांब कनूची नोंदणी लागते, तेव्हा विकणाऱ्याकडून तो कागदही मागून घ्यावा.

आणि शांत पाण्याबद्दल एक गोष्ट, कारण टोरांटोच्या मराठी कुटुंबांचा मोर्चा बहुधा अल्गोन्क्विन पार्ककडे वळतो. १८९३ मध्ये राखून ठेवलेला हा साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठा प्रदेश कनूसाठी जगभर नावाजलेला आहे. त्यातले ओपेओंगो हे सगळ्यात मोठे तळे सकाळी सहा वाजता आरशासारखे असते. अकराच्या सुमारास वारा उठतो आणि मोकळ्या लांब पट्ट्यावर लाटांना माथी फुटू लागतात. अशा वेळी पुढचे टोक हलके राहिले की वारा कनूला फिरवतो, म्हणून वाऱ्याला सामोरे जाताना जड सामान पुढे सरकवायचे आणि वारा पाठीशी असताना मागे. लांब पल्ला पहाटे उरकायचा आणि काठाच्या जवळून जायचे. अंतर वाढले तरी पोहून गाठता येईल इतका किनारा जवळ असावा. ओपेओंगोवर माणसे, सामान आणि कनू एकत्र लादून तळ्याच्या पलीकडच्या टोकाला सोडणाऱ्या मोटारबोटीही भाड्याने मिळतात. लहान मुले बरोबर असतील आणि सकाळचा शांत वेळ हुकला असेल, तर ते पैसे खुशाल द्यावेत आणि वल्हवायला पलीकडच्या लहान तळ्यांपासून सुरुवात करावी.